निरोगी नळीतला हिरवा उजेड

मी एक जुनी दुर्बीण आहे. आकाशातले तारे दाखवणारी नव्हे. नाकासमोर असूनही डोळ्यांना न दिसणारे दाखवणारी. जी हकीकत सांगणार आहे ती एकोणीसशे शहाऐंशी सालची. साल पक्के लक्षात आहे, कारण त्याच वर्षी मला पहिल्यांदा कुणीतरी खोटारडी म्हटले. म्हाताऱ्या माणसाला सकाळची गोष्ट आठवत नाही, पण अपमान मात्र तारीखवार आठवतो. यंत्रांचेही तसेच असते.

कागदोपत्री माझे नाव सूक्ष्मदर्शक. पण मी प्रयोगशाळेत आले त्या दिवशी एका माणसाने माझ्यावरची धूळ झटकून ‘या, दुर्बीणबाई, बसा’ असे म्हटले आणि तेच नाव मला कायमचे चिकटले. त्या माणसाबद्दल पुढे सांगणारच आहे.

मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे बायका ओळीने बसून भिंगे घासत. माझी भिंगे जिच्या हातून गेली ती बाई फार संशयी होती. एक भिंग घासून, पुसून, खिडकीच्या उजेडात धरून पसंत केले, तरी दुसऱ्या दिवशी ती तेच भिंग पुन्हा उजेडात धरी. शेजारणी हसत. ती म्हणे, रात्रीतून काय होईल सांगता येत नाही. तिचा तो स्वभाव माझ्या काचेत उतरला असावा. मीही कुणावर पटकन विश्वास टाकत नाही. तुम्ही आत्ता हे वाचताना मनातल्या मनात हसत असाल, असाही मला संशय आहे.

वाळक्या गवतात गुंडाळून, लाकडी पेटीत घालून मला एका मोठ्या रुग्णालयात आणले. पहिली काही वर्षे मी तापाचे जंतू पाहिले, थुंकी पाहिली, पाण्यातले किडे पाहिले. मग माझ्या पाठीवर एक जड दिव्याची पेटी बसवली आणि माझी रवानगी जिन्याखालच्या एका काळोख्या खोलीत झाली. खिडकीला काळा कागद, दाराला काळा पडदा. बाहेर भर दुपार असली तरी आत अंधार. मला वाटले, आपले दिवस संपले. खरे म्हणजे तिथेच ते सुरू झाले.

ती खोली एका संशोधक डॉक्टरीणबाईंची होती. सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. बाईंचा विषय होता संधिवाताचे आजार आणि रक्तातली प्रतिपिंडे. हे सोपे करून सांगते. आपल्या रक्तात राखणदार असतात. बाहेरून रोगजंतू आला की ते त्याला जाऊन चिकटतात आणि त्याचा बंदोबस्त करायला मदत करतात. त्यांनाच प्रतिपिंडे म्हणतात. डॉक्टर मंडळी अँटीबॉडी म्हणतात. पण काही माणसांच्या शरीरात हे राखणदार घरच्याच माणसांवर संशय घेऊ लागतात. सांध्यांवर धावून जातात, कातडीवर जातात, मूत्रपिंडांवर जातात. कुंपणानेच शेत खायला लागावे, तसे. कुंपणाने असे का करावे, हे अजून कुणाला पुरते कळलेले नाही.

हे बिघडलेले राखणदार डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून आमची खोली. काचपट्टीवर पेशींचा पातळ थर असे. त्यावर माणसाच्या रक्तातले पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, पातळ करून टाकायचे. मग धुवायचे. मग अंधारात चमकणारा रंग टाकायचा आणि पुन्हा धुवायचे. राखणदार बिघडलेले असतील तर ते पेशींच्या मध्यभागी चिकटून बसतात, आणि रंग त्यांना चिकटतो. माझ्या दिव्याखाली काच ठेवली की पेशी हिरव्या उजळतात, काळोखात काजवे बसल्यासारख्या. निरोगी माणसाच्या रक्ताने मात्र काहीच उजळत नाही. सगळा अंधार. आमच्या खोलीत अंधार दिसला की माणसे समाधानाने मान हलवत, असे उलटे जग होते ते.

रंग टाकण्याचे आणि धुण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांना सगळे रंगारी म्हणत. मला दुर्बीणबाई म्हणणारे ते हेच. उंच, किंचित वाकलेले, काम करताना नाकातल्या नाकात गुणगुणणारे. काचपट्टी धुताना पाण्याची धार ते इतकी हळू सोडत, की जणू तान्ह्या मुलाला न्हाऊ घालत आहेत. बाईंशी त्यांचे पटे, पण गोडीगुलाबीने नव्हे. दोघेही एकमेकांना टोचून बोलत आणि दोघांनाही त्याशिवाय करमत नसे.

तिसरे होते धाकटे डॉक्टर. ते बाईंच्या हाताखाली नव्याने शिकायला आले होते. हुशार होते, पण रबरी तळाचे बूट घालत. ज्याची पावले ऐकू येत नाहीत, त्या माणसाचा मी कधी भरवसा धरत नाही.

आणि चौथी होती ताई, बाईंची थोरली बहीण. ती आमच्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी येई. ताईला हाच आजार होता. तरुणपणी तिचे सांधे दुखत, ताप येई, गाल लाल होत. घरच्यांना वाटले, कामाचा कंटाळा. सासरच्यांना वाटले, नाटके. खरा आजार कळेपर्यंत बोटे वाकडी झाली होती. बाई डॉक्टर झाल्या त्या ताईच्या बोटांकडे पाहून. त्यांच्या साऱ्या संशोधनाचे सूत्र एकच होते: शरीर बोलायच्या आधी रक्त बोलते. दुखणे दिसायच्या कितीतरी आधी प्रतिपिंडे रक्तात येऊन बसलेली असतात, आणि ती तेव्हाच ओळखली, तर कुणाच्या ताईला नाटकी म्हणून घ्यावे लागणार नाही.

आता आमच्या खोलीची एक रीत सांगते, कारण सगळे रामायण तिच्यामुळे घडले. दर वेळी तपासणी करताना रुग्णांच्या काचांबरोबर दोन ठरलेल्या काचा लावत. एक नक्की आजारी माणसाची आणि एक नक्की निरोगी माणसाची. आजारी काच उजळली आणि निरोगी काच काळोखी राहिली, तरच त्या दिवशीचे काम खरे धरायचे. जगात सगळीकडे असे करतात. यासाठी रक्त कुणाचे घ्यायचे? आजारी नळी ताईची होती. आणि निरोगी नळी स्वतः बाईंची. दर काही महिन्यांनी दोन्ही नळ्या ताज्या रक्ताने भरत आणि जुन्या शीतपेटीत जपून ठेवत. दोघी बहिणींच्या नळ्या घडवंचीत, म्हणजे नळ्या उभ्या ठेवायच्या लाकडी चौकटीत, शेजारी शेजारी असत. ताईच्या नळीला लाल बूच, बाईंच्या नळीला पांढरे.

नव्या माणसाला बाई पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत. माझ्यासमोर बसवून म्हणत, “डाग दिसला की लगेच काचेला दोष द्यायचा नाही. आधी नेत्रिका फिरवून बघायची. डाग तिच्याबरोबर फिरला, तर घाण नेत्रिकेत. मग काच सरकवायची. डाग सरकला, तर घाण काचेवर. आणि दोन्ही करून डाग जागचा हलला नाही, तर आपला डोळा पुसायचा.” नेत्रिका म्हणजे जिथे तुम्ही डोळा लावता ते माझे भिंग. धाकट्या डॉक्टरांना हे त्यांनी इतक्या वेळा ऐकवले होते, की रंगारी पाठीमागून ओठ हलवून ते म्हणून दाखवत.

त्या वर्षी थंडी सरता सरता बाईंची माझ्याबद्दल कुरकुर सुरू झाली. दुर्बीण धूसर दिसते, म्हणाल्या. माझी नेत्रिका पुसली. पुन्हा पुसली. तरी धूसर. मला आश्चर्य वाटले, कारण धाकट्या डॉक्टरांना लख्ख दिसत होते. बाईंच्या पापण्या माझ्या काचेवर फडफडत, जणू डोळ्यांत वाळू गेली आहे. मधेच उठून त्या बाहेर जात, पाण्याचे दोन घोट पिऊन येत. प्रयोगशाळेत पाणी प्यायचे नाही हा त्यांचाच नियम, म्हणून इतके हेलपाटे. जुळवणीच्या स्क्रूवर त्यांची बोटे सकाळी ताठ वाटत आणि दुपारनंतर सैल होत. हे सगळे मला कळत होते. पण माझे काम दाखवण्याचे, बोलण्याचे नव्हे.

त्याच सुमारास निरोगी काच उजळायला लागली.

प्रथम फिकट झाक दिसली. बाईंनी तिकडे लक्ष दिले नाही. इतपत झाक धडधाकट माणसातही कधी कधी असते. मग ती वाढली. सीरम आणखी पातळ करून पाहिले, तरी पेशी हिरव्या दिसत राहिल्या. याचा अर्थ सरळ होता. निरोगी काच उजळली, तर त्या दिवशीच्या साऱ्या काचा खोट्या. आणि वर्षभराचे काम पाहायला एक समिती येणार होती. तिने मान हलवली तरच बाईंचे काम पुढे चालणार होते.

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली आणि पहिला संशय माझ्यावर आला. “ही दुर्बीण खोटं दाखवतेय,” त्या म्हणाल्या. दुरुस्तीवाला आला. त्याने मला खोलून टेबलावर पसरले, एकेक भिंग तपासले आणि सांगितले, की बाई, हिची काच तुमच्या-माझ्या डोळ्यांपेक्षा चांगली आहे. बाईंना वाटले, याने नीट पाहिलेच नाही. मग दिव्यावर संशय आला. नवा दिवा बसवला. मग रंगाच्या बाटलीवर. नवी बाटली फोडली. काच उजळतच राहिली.

वस्तू संपल्या, तेव्हा संशय माणसांकडे वळला.

विचार केला तर त्यात वरवर काही चूक नव्हती. ताईची नळी शेजारीच. तिच्यातला एक थेंब पांढऱ्या बुचाच्या नळीत गेला, की झाले. थेंब कुणाच्या हातून जाईल? नळ्या रंगारी हाताळत. धाकट्या डॉक्टरांनी चाचरत एक गोष्ट सांगितली. समोरच्या विभागाचे प्रमुख बाईंचे जुने प्रतिस्पर्धी होते, आणि रंगारी त्यांच्या खोलीत दोन-तीनदा चहा पिताना दिसले होते. धाकटे डॉक्टर म्हणाले, मी काही म्हणत नाही, फक्त दिसलं ते सांगतो. असे म्हणणारी माणसे फार म्हणून जातात.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रंगाऱ्यांना माझ्यासमोर बोलावले. आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता, तर बरे झाले असते.

“निरोगीच्या नळीत ताईचा थेंब कसा गेला?”

“गेला नाही, बाई.”

“आपोआप उजळली?”

“ते मला माहीत नाही. माझ्या हातून गेला नाही, एवढं माहीत आहे.”

“म्हणजे माझ्याच रक्तात खोट निघाली, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

रंगाऱ्यांनी हातातली नळी घडवंचीत ठेवली. त्यांना तसे म्हणायचे नव्हते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. खोट बाईंच्या रक्तात असू शकेल, ही गोष्ट त्या खोलीत कुणाच्याच मनात आली नव्हती. पांढऱ्या बुचाच्या नळीवर इतकी वर्षे ‘निरोगी’ लिहिलेले होते. लिहिलेले असले, की माणसे पाहायचे सोडून देतात.

रंगाऱ्यांची बदली तळघरात झाली, बाटल्या धुण्याच्या खोलीत. समितीपुढे हा प्रकार ठेवायचा आणि मग त्यांना कायमचे काढायचे, असे बाईंनी ठरवले. निवृत्तीला थोडीच वर्षे उरलेला माणूस, आणि त्याच्या नावावर लबाडीचा शिक्का बसणार. जाताना त्यांनी माझ्यावर कापडाची खोळ नीट घातली, गाठ बांधली. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. दाराशी रंगारी धाकट्या डॉक्टरांना हळूच म्हणाले, “इतकी वर्षं एका खोलीत काढली, पण बाईंच्या डोळ्यांत टिपूस नाही.” बाईंनी ते ऐकले. वळल्या नाहीत. डोळे मात्र जोरात चोळले.

मला विचाराल, तर माझा संशय तेव्हा रबरी बुटांवर होता. पण मला कोण विचारणार?

बाई स्वतः रंग टाकू लागल्या. धुण्याची धार त्यांना रंगाऱ्यांसारखी जमेना. पेशी निघून जात. तरी ज्या उरत, त्या उजळत. बाईंनी स्वतःचे ताजे रक्त घेतले, नवी नळी, नवे बूच. तीही उजळली. तेव्हा त्या म्हणाल्या, रंगाऱ्यांनी जाता जाता पेशींच्या काचाच बिघडवल्या असतील. काचांचा नवा खोका उघडला. पुन्हा तेच. आता त्या धाकट्या डॉक्टरांकडे पाहू लागल्या. ते खोलीत असले, की घडवंची कुलुपात ठेवत. ते काही विचारायला गेले, तर उत्तराआधी क्षणभर थांबत. माणूस एकदा संशयाला लागला, की दाराचा पडदा वाऱ्याने हलला तरी त्याला कारण लागते.

ताई नेहमीप्रमाणे आली, तेव्हा रंगारी दिसले नाहीत. तिने विचारले. बाईंनी सांगितले. ताईने आपली वाकडी बोटे मांडीवर ठेवली आणि म्हणाली, की मला नाटकी म्हणणाऱ्यांचीही अशीच खात्री होती गं. बाईंना राग आला. त्या दिवशी त्यांनी बहिणीला जिन्यापर्यंत सोबतही केली नाही.

शेवटी धाकट्या डॉक्टरांनी तोंड उघडले. 

“बाई, आता या खोलीत तुम्ही आणि मी, दोघंच उरलोय. उद्या माझं तळघर ठरलेलं आहे. त्यापेक्षा एकदा झाकून बघू.”

झाकून बघणे ही बाईंचीच शिकवण होती. वाचणाऱ्याला काच कुणाची ते ठाऊकच नसले, म्हणजे मन डोळ्यांच्या आड येत नाही. ठरले असे, की रक्त दुसऱ्या वॉर्डातल्या परिचारिकेने काढायचे: काही रुग्णांचे, काही धडधाकट माणसांचे, त्यांत ताईचे आणि बाईंचेही. नळ्या बंद करून तिनेच पाठवायच्या. रंग धाकट्या डॉक्टरांनी बाईंच्या देखत टाकायचा आणि प्रत्येक काचेवरच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवायची. वाचायचे बाईंनी. रंगारी तर तळघरात होते. त्यांचा हात कुठेच लागणार नव्हता.

माझा दिवा तापला. पडदा ओढला. बाई बसल्या, डोळे चोळले, माझ्या नेत्रिकेवर टेकले. धाकटे डॉक्टर एकेक काच माझ्या भिंगाखालच्या मंचावर ठेवू लागले.

पहिल्या काही काचा झटपट झाल्या. अंधार. अंधार. पुढची मंद. मग एक लखलखीत, पेशीचे सबंध केंद्र सारख्या हिरव्या उजेडाने भरलेले. बाई किंचित हसल्या. “ही ताई. हिला मी झोपेतही ओळखेन.” पुन्हा अंधार. त्या सैल होऊन बसल्या. निरोगी काचा काळोख्या आहेत, म्हणजे खोट रंगाऱ्यांच्याच हातात होती, असे त्यांच्या मनात आले असणार. खांदे तसेच सांगत होते.

मग पुढची काच आली. बाई जुळवणी करता करता थांबल्या.

मला ती काच आजही दिसते. ताईसारखा सलग उजेड नव्हता. केंद्रात बारीक बारीक ठिपके, कुणीतरी हिरवी रांगोळी चिमटीतून सोडल्यासारखे. ताईच्या नळीतला थेंब असता, तर उजेड ताईसारखा दिसला असता. हा वेगळाच होता.

“ही नवीन आहे,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. संशय जाऊन त्यात काळजी आली होती. खऱ्या डॉक्टरचा आवाज. “कुठल्या वॉर्डातली आहे? बाईच असणार. हिला अजून कुणी काही सांगितलं नसेल. बोलावून घे तिला. डोळे खुपतात का विचार, वाळू गेल्यासारखे. तोंडाला कोरड पडते का. कोरडं खाताना घोट घोट पाणी लागत असेल. सकाळी बोटं ताठ होत असतील. ती म्हणेल काही नाही, वयामुळं आहे. ऐकायचं नाही तिचं.”

धाकट्या डॉक्टरांनी हातातली पुढची काच परत खाली ठेवली.

“ऐकलंस का?”

“हो, बाई.”

बाईंचा हात माझ्या स्क्रूवर होता. ताठ, सकाळचा हात. तो तसाच राहिला. मग त्यांनी डोळा बाजूला केला, पापण्या दोन-तीनदा मिटल्या आणि पुन्हा टेकवला. हळूच माझी नेत्रिका फिरवली. ठिपके फिरले नाहीत. काच सरकवली. ठिपके काचेबरोबर सरकले. उजेड काचेवरच होता, खरा होता. पण त्याभोवतीची धूसर कड मात्र ना फिरली, ना सरकली. ती जागच्या जागी राहिली. इतक्या जणांना शिकवलेली तिसरी पायरी तेवढी उरली होती. बाईंनी पदराने आपला डोळा पुसला. तो कोरडाच होता.

“पट्टी काढ,” त्या म्हणाल्या.

“बाई, नंतर...”

“काढ म्हटलं ना.”

पट्टी निघाल्याचा बारीक आवाज अंधारात मोठा वाटला. कुणी दिवा लावला नाही. 

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. शरीर बोलायच्या आधी रक्त बोलते, हे सिद्ध करायला बाईंनी आयुष्य घातले. त्यांचे स्वतःचे रक्त त्यांच्या समोर बोलत होते, आणि त्या दुर्बिणीला, दिव्याला, माणसाला गप्प करत होत्या. आपला तो बाब्या, या न्यायाने आपले ते रक्त निरोगीच.

पुढचे मी पाहिले नाही. पण रंगारी प्रत्येक नव्या माणसाला तो प्रसंग ऐकवत, म्हणून तोंडपाठ आहे. बाई तळघरात गेल्या. रंगारी कोपरापर्यंत साबणात होते. बाई म्हणाल्या, “रंगारी, थेंब गेला नव्हता. खोट माझ्याच रक्तात आहे. मी तुमच्यावर आळ घेतला. चुकलं माझं.” रंगाऱ्यांनी कित्येक दिवस एक झणझणीत उत्तर तयार करून ठेवले होते. ते बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून विसरून गेले. बाई रडत होत्या. म्हणजे चेहरा रडत होता, ओठ थरथरत होते, पण डोळ्यांतून काही येत नव्हते. तेव्हा त्यांना कळले, की खरोखरच टिपूस नव्हता. तो आजारच तसा असतो, डोळ्यांचे आणि तोंडाचे पाणी आटवणारा. रंगारी म्हणाले, “बाई, माझे हात ओले आहेत. तो टॉवेल द्या आधी.”

जिना चढताना बाईंनी विचारलेच, की समोरच्या विभागात तुम्ही जात होता ते कशाला. “चहाला,” रंगारी म्हणाले. “आपल्याकडचा चहा तुम्ही स्वतः पिऊन बघा एकदा, म्हणजे कळेल.”

त्यांनी परत येताना एक अट घातली: यापुढे निरोगी नळीत माझे रक्त. निदान चोर तरी ठरलेला असेल, असे ते म्हणाले. हसले सगळे, पण ती अट त्यांनी खरोखर पाळायला लावली, आणि त्यांची नळी आधी दोन ठिकाणी तपासून घ्यायलाही लावली. बाईंच्या शेजारी ते पूर्वीसारखे गुणगुणत काम करू लागले. पण नळीचे बूच उघडताना मात्र पुढे कायम हाक मारत, बाई, बघताय ना. हे ते थट्टेने म्हणत की मनापासून, ते मला कधी कळले नाही. बाईंना कळत असावे, कारण दर वेळी त्या हातातले काम ठेवून बघत.

ताईला बातमी कळली, तेव्हा ती जिना चढून आली, खुर्चीत टेकली आणि बहिणीला म्हणाली, “लहानपणापासून माझी प्रत्येक वस्तू तुला हवी असायची. म्हटलं, एवढी एक तरी माझी राहील. तीही घेतलीस.” मग दोघी इतक्या हसल्या, की बाईंना पाणी प्यायला बाहेर जावे लागले.

समिती आली. बाईंनी शीतपेटीत साठवलेल्या स्वतःच्या जुन्या नळ्या काढल्या. सर्वांत जुन्या काळोख्या होत्या. मधल्या फिकट. अलीकडच्या ठिपकेदार. आणि मधल्या काळात बाईंना ना डोळ्यांचा त्रास होता, ना बोटांचा. त्यांनी सगळे सांगितले, रंगाऱ्यांवर घेतलेला आळसुद्धा, त्यांच्या देखत. समितीतल्या एका गृहस्थांना ही कहाणी जरा जास्तच सोयीची वाटली. ते माझ्यासमोर बसले, माझी नेत्रिका फिरवली, काच सरकवली, चष्मा पुसला. मग म्हणाले, ठीक आहे. एका माणसाच्या नळ्यांनी सगळे सिद्ध होत नाही, हे बाईंनाही मान्य होते. पण काम चालू राहिले.

बाई पुढे कित्येक वर्षे डोळ्यांत औषधाचे थेंब घालून माझ्यासमोर बसल्या. थेंब घातले, की मी त्यांना लगेच स्वच्छ दिसे, आणि त्या माझ्या पाठीवर हलकेच थोपटत. तेवढी माफी मला पुरली. त्या थकल्या, निवृत्त झाल्या आणि एका हिवाळ्यात शांतपणे गेल्या.

ताई त्यांच्या आधी गेली. ती गेली, तरी लाल बुचाची तिची नळी शीतपेटीत शिल्लक होती. ती संपेपर्यंत दर तपासणीला ताईची काच लागत राहिली, आणि माणूस नसताना त्याचा तो सलग हिरवा उजेड मी पाहत राहिले. अशी काच आली, की बाई नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळा लावून बसत. कुणी घाई करत नसे.

रंगारी मानाने निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझी खोळ धुऊन आणली होती. नंतर कधीमधी येत आणि नव्या रंगाऱ्याची पाण्याची धार पाहून नाक मुरडत. पुढे येणे थांबले. कुणी म्हणते मुलाकडे गेले. मी त्यावर जास्त विचार करत नाही.

धाकटे डॉक्टर आता थोरले झाले आहेत. विभागाचे प्रमुख आहेत, डोक्यावर केस नाहीत, बूट मात्र तेच रबरी तळाचे. माझा त्यांच्यावरचा संशय पुष्कळसा मावळला आहे. पुष्कळसाच.

आणि मी? मी व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटात आहे. माझ्या जागी एक नवे यंत्र आले आहे. ते काचा आपणच वाचते आणि पडद्यावर आकडे दाखवते. त्याला नेत्रिका नाही, म्हणजे फिरवून बघायलाही काही नाही. त्याबद्दल मला काय वाटते ते विचारू नका. माझ्या भिंगावर आता बुरशीची जाळी धरू लागली आहे. कपाटाची किल्ली सापडत नाही, असे सांगतात. ते मला खरे वाटत नाही.

मित्रांनो, कधी या बाजूला आलात, तर किल्ली मागून घ्या, मऊ कापड घ्या आणि माझी भिंगे पुसा. कोरड्या कापडाने जोरात नको. ओरखडा उठला, तर तो जन्मभराचा असतो, काचेवर काय आणि माणसावर काय. आणि तुमच्या समोर कुणी डागाळलेला दिसला, तर जरूर संशय घ्या. संशय घेण्यासाठीच तर मला घडवले. पण नेत्रिका फिरवून पाहा, काच सरकवून पाहा, आणि तिसरी पायरी आळसाने टाळू नका. त्यानंतरच कुणाला तळघरात पाठवायचे का, ते ठरवा.